भिंतीवरची कुजबुज

"अग्नी आणि चाक यांच्यानंतरचा मानवाचा सर्वांत थोर शोध आज तुमच्या वर्गात आलाय," इतिहासाचे सर सातवीच्या मुलांना म्हणाले आणि त्या शोधाचं बटण शोधू लागले. बटण खालच्या बाजूला होतं. सरांनी वरची बाजू दोनदा दाबून पाहिली. शेवटी मॉनिटर मुलगी उठली आणि सरांचा मान राखत, म्हणजे त्यांच्या पाठीमागून हात घालून, तिने ते दाबलं.

शोध असा, की पहिल्या बाकावर एक माईक आणि त्याला जोडलेला प्रोजेक्टर. वर्गात कोणी बोललं की ते समोरच्या भिंतीवर अक्षरांत उमटणार. सरांना ऐकू येईनासं झालं होतं. दोन वर्षं त्यांनी याचा कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. निदान त्यांची तशी समजूत होती. गेल्या महिन्यात मोठ्या बाईंच्या लक्षात आलं आणि आज त्या वही घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. तास नीट झाला तर सर निवृत्त होईपर्यंत वर्गावर. नाहीतर सोमवारपासून ग्रंथालयात, पुस्तकांना नंबर चिकटवायला.

तास झकास चालला होता. मुलं उभी राहत, मान वर करत, सरांकडे तोंड करून एकेक शब्द सुटा बोलत.

"बघताय ना बाई शिस्त?" सर म्हणाले. "या वर्गावर आवाज म्हणून चढवावा लागला नाही कधी."

बाईंनी वहीत लिहिलं : शिस्त.

"माणसाने नदीकाठी वस्ती का केली?"

पहिल्या बाकावरची, कालच शाळेत आलेली नवी मुलगी उभी राहिली. "पाण्यासाठी," ती खाली मान घालून बाकालाच सांगितल्यासारखं पुटपुटली. भिंतीवर बरोबर उमटलं. सर खूश झाले. पण शेजारी बसलेल्या मॉनिटरला भिंतीची अजून सवय नव्हती. तिने नवीचा हात ओढून तिला खाली बसवलं आणि तिच्या कानात कुजबुजली. यंत्राला उत्तर आणि कुजबुज यांतला फरक कळत नसे. त्याने तेही उत्तराएवढ्याच ठळक अक्षरांत लिहिलं :

'तोंड वर करून बोलत जा गं. सरांना ऐकू येत नाही, ओठ बघून कळतं.'

'अय्या! सर्वांना माहितीय?'

'पाचवीपासून. फक्त आपल्याला माहितीय हे सरांना माहीत नाही. गप्प बस आता.'

सगळा वर्ग भिंतीकडे बघत होता. मॉनिटरने वर पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. फार उशीर झाला होता.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भिंत तेच म्हणत होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी 'शिस्त' खोडलं, एकच ओळ लिहिली आणि वही उंच धरली. शेवटच्या बाकावरून पहिल्यापर्यंत वाचता येईल एवढं मोठं लिहिलं होतं : हे सर याच वर्गावर राहतील.

सर भिंतीपुढे येऊन उभे राहिले. इतकी वर्षं शिकवत आले, पण असं बोलायची वेळ कधी आली नव्हती.

"मुलांनो," ते म्हणाले, "मला वाटायचं, मी तुम्हाला सांभाळतोय. दोन वर्षं तुम्ही... आणि मला पत्ताही..." पुढचं ते इतकं हळू पुटपुटले की मुलांना ऐकू येईना, पण ते थांबले नाहीत, आभार मानतच राहिले. यंत्र त्यांचं सगळं बोलणं इमानेइतबारे लिहीत होतं. वर्ग माना तिरक्या करून वाचायचा प्रयत्न करत होता.

नवी मुलगी उभी राहिली. मान वर करून, एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाली, "सर, जरा बाजूला सरकता का? आमचे आभार तुमच्या पोटावर पडलेत."