बोटाएवढी जागा

मुंजाजीनं रिक्षा दामटली होती. गंगाखेड मागं पडलं, राणीसावरगावचा रस्ता लागला आणि एका खड्ड्यात पायाशी ठेवलेल्या डब्याचं झाकण खण्णकन उडालं. तूप लावलेल्या दशम्या पिशवीत सांडल्या.

"मुंजाजी, हळू रं बाबा," धुरपताबाई म्हणाल्या. मग लगेच, "हळू म्हंजे थांबू नको! तिकडं सिमेट कालवायलेत."

नीलमनं मांडीवरच्या लेकीला, जुईला सावरत आजीचा हात धरला. हात गार होता.

सकाळी गावाहून फोन आला होता. हेमाडपंती देवळाचं काम निघालंय, भिंतीतली भोकं आज बुजवणार. भोकं रझाकारांच्या वेळची, गोळ्यांची. त्यातल्या एका भोकापाशी धुरपताबाईंचा बाप पडला, तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. बापाचा फोटो नाही, फेटा नाही. आहे ते एवढंच. म्हणून घरातलं पोर शाळेत जायच्या आधी तिथं न्यायचं, तुपाचं बोट त्या भोकात घालायला लावायचं. नीलमला आतला गारवा अजून आठवतो. जुईचं मात्र राहून गेलं होतं. दिवाळीत जाऊ, संक्रांतीला जाऊ, असं करता करता जून तोंडावर आला.

बांधाला टेकलेला एक वीरगळ मागं गेला. ढाल-तलवार घेतलेला दगडी माणूस. नाक झिजलेलं, शेंदूर ताजा.

"ह्याचं नाव कुणाला ठाव न्हाई, तरी शेंदूर मिळतोय," धुरपताबाई म्हणाल्या. "माझ्या बापाचं समद्यांला ठाव हाय, तर त्याला सिमेट."

देवळापाशी पोचल्या तेव्हा महारुद्र गवंडी थापी धूत होता.

"या आजी! वळखा बरं, कुठं होती भोकं?" तो खुशीत म्हणाला. "दगडाच्या रंगाचं कालवलंय. लय बेस बसलंय."

भिंत खरंच एकसारखी दिसत होती. नीलमनं नजर फिरवली. तिला काही सापडेना.

धुरपताबाईंनी चप्पल काढली. पदर खोचला आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ल्हान होते तवा डोक्याच्या वर यायचं. टाचा उचलून बोट घालायची. लग्नाच्या हळदीत आईनं आणून उभी केली, तर बरोबर छातीला आलं, बापाला लागली तिथंच. आई म्हणली, झालीस गं बापाएवढी." त्या हसल्या. "आता वाकले, तर मेलं परत डोक्यावर गेलं."

बोलता बोलता त्यांचा हात मागं भिंतीवरून वर सरकत होता. खरखरीत दगड, खरखरीत दगड. मग बोट थांबलं.

"हितं."

"आजी, हात नका लावू, कच्चं हाय!"

"म्हनूनच की रं."

नीलमनं जुईला उचललं. पिशवीतल्या दशमीवरचं तूप तिच्या बोटाला लावलं आणि आजीच्या बोटाशेजारी ते टेकवलं. जुईनं आईकडं पाहिलं, मग दाबलं. बोट अलगद आत गेलं, पार दुसऱ्या पेरापर्यंत.

महारुद्रनं थापी उचलली होती. ती त्यानं घमेल्यात ठेवली.

"वाळंस्तोवर मी हितंच बसतो," तो म्हणाला. "शेरडं लय खाजवतेत भिंतीला."

धुरपताबाईंनी वळून भोक पाहिलं. मग पदरानं जुईचं बोट पुसलं. "झालं. आता जाय खुशाल शाळेत."

जुईला खाली ठेवलं, तशी ती पणजीसारखीच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टाचा जुळवून, ताठ. समोर वाळूची चाळण होती. चिंचेखाली रिक्षा, आणि रिक्षाला टेकून मुंजाजी शेंगा फोडत होता.

"आई," तिनं विचारलं, "मग गोळी मारणारा कुठं उभा होता?"