न करपणारी पट्टी

चालू भट्टीत दुरुस्तीसाठी माणसं उतरवायला लागून तीन वर्षं झाली होती. अंगात गार ठेवणारा सूट आणि त्याच्या कॉलरवर छापलेली सेन्सरची पट्टी. विषारी वायू वाढला की पट्टी इशारा द्यायची. पण त्या धगीत ती स्वतःच वीस मिनिटांत करपायची. पट्टी करपली की बाहेर यायचं, हा नियम होता. बाहेर माठात ताक असायचं. नवी पट्टी छापून होईपर्यंत कामगार दोन पेले पिऊन घ्यायचे.

हेमांगी बिडवेने दिवसभर टिकणारी शाई बनवली. आज ती पहिल्यांदाच वापरायची होती.

आत उतरताना केरबाकाकांनी कॉलर चाचपली. "पोरी, ही कवा करपायची?"

"करपणारच नाही, काका."

"मग ताक कवा प्यायचं?"

सगळे हसले. हेमांगीही हसली.

चाळीस मिनिटांनी काका आत कोसळले. ओढून बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. सूट जेमतेम पंचवीस मिनिटं गार राहतो, हे आजवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याआधीच पट्टी करपायची, आणि बाहेर ताक पिऊन होईपर्यंत सूट पुन्हा गार व्हायचा.

साहेब पडद्यावरचे आकडे बघत होते. "वायू शेवटपर्यंत मर्यादेत होता. तुमच्या पट्टीत काही दोष नाही, मॅडम."

हेमांगी काकांच्या उशाशी बसली. कॉलरवरची पट्टी अजून चालूच होती. ती नखांनी खरवडत राहिली. पट्टी निघेना.