पराण्यांची मोळी

इस्राएलच्या डोंगरात एकही लोहार राहू द्यायचा नाही, असा पलिष्ट्यांचा हुकूम होता. म्हणून अबीटल म्हातारी पुरुषभर उंचीच्या पराण्यांची मोळी खांद्यावर घेऊन खाली एक्रोनला, पलिष्टी लोहाराच्या भट्टीवर आली.

"तलवारीला, भाल्याला मी हात लावणार नाही," पादी लोहाराने दारातच सांगितलं.

"तलवार आम्ही कुठून आणू, बाबा? बैल हाकायच्या पराण्या आहेत. टोकांचं लोखंड बोथट झालंय."

त्याने मोळी सोडली आणि हसला. "तुमचे बैलही तुमच्यासारखेच दिसतात. टोचल्याशिवाय हलत नाहीत."

"तसंच आहे. म्हणून टोकं जरा नीट काढ."

पादीने जीव ओतून काम केलं. "बैल उधळला तर मला बोल लावू नकोस," असं बजावत त्यानेच मोळी तिच्या खांद्यावर चढवून दिली. ती डोंगराच्या वाटेला लागल्यावर त्याला प्रश्न पडला, म्हणून त्याने हाक मारली.

"काय ग म्हातारे, एवढ्या पराण्या? घरी बैल आहेत तरी किती?"

"एक होता," न थांबता ती म्हणाली. "गेल्या सुगीला तुमच्या शिपायांनी दावणीचा सोडून नेला."