येतो

साखर कारखान्यात आता कोणी कोणाला हाक मारत नसे. प्रत्येकाच्या कानात ‘समन्वय’ नावाचा यांत्रिक मदतनीस होता. तो सगळ्यांचं बोलणं ऐकायचा आणि कामावर माणसं जुळवायचा.

भैरू मळीची टाकी धुवायला आत उतरला होता. वर दोर धरून गुणाजी बसला होता. पाळी संपल्याचा भोंगा झाला.

“भैरू, सुटलो रे! बदलीचा माणूस समन्वय पाठवेलच. येतो.”

“पळा आबा, म्हातारी दारात उभी असेल!” भैरू आतून हसला.

समन्वयाने ‘येतो’ ऐकलं आणि गुणाजी टाकीवर येतोय अशी नोंद केली. बदलीचा माणूस त्याने दुसरीकडे लावला. टाकीत वायू कोंडला तेव्हा दोर ओढायला वर कोणी नव्हतं. भैरू गेला.

चौकशीत यंत्राचा दोष निघाला नाही. निघताना सर्वांनी ‘जातो’ म्हणावं, अशी सूचना लागली. गुणाजीकडून ते दहा वेळा म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरातून निघताना तो “जातो” म्हणाला. बायकोच्या हातात डबा तसाच राहिला.

“अहो, असं अभद्र काय बोलता? येतो म्हणावं.”

“भैरूला तेच म्हणालो होतो,” गुणाजी म्हणाला.