आधीच उघडलेलं पत्र

मावशी दर सोमवारी अकरा वाजता घरातल्या झाडांविषयी ईमेलने पत्र पाठवते. खाली सही फक्त 'मावशी'. ते लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडू नये, हे बघणं माझं काम. कोणी कधी उघडलं, ते मला पडद्यावर दिसतं. न उघडलेली पत्रं वाढली की सगळीच स्पॅममध्ये जायला लागतात, म्हणून सहा महिन्यांत ज्यांनी एकही पत्र उघडलं नाही, त्यांना मी यादीतून काढतो.

"माणसं आहेत रे ती, तण नव्हे," मावशी म्हणते.

एक वाचक मात्र पाठवल्या पाठवल्या उघडायचा. अशांच्या जिवावर तर आमचं पत्र स्पॅमपासून वाचतं.

मागच्या महिन्यात त्याने अकराचं पत्र पावणेअकरालाच उघडलं. मी भिंतीवरचं घड्याळसुद्धा तपासलं. पुढचं त्याने आदल्या दिवशीच उघडलं.

"शीक काहीतरी," मावशी म्हणाली. "तू आयत्या वेळी जागा होतोस."

आज आम्ही साठावं पत्र पाठवलं. त्याच्या पत्त्यापुढे साठावं, एकसष्टावं आणि बासष्टावं, तिन्ही उघडलेली दिसत होती. एकसष्टावं लिहायला मावशी आत्ता कुठे आतल्या खोलीत बसली होती.

बासष्टावं वाचून त्याने यादीतून नाव काढून घेतलं होतं. नाव काढणाऱ्याला आम्ही कारण विचारतो. बहुतेक जण ती जागा रिकामी सोडतात. त्याने लिहिलं होतं, 'आता मावशी लिहीत नाहीत, हे पहिल्या ओळीतच कळतं.'

"आज कोणी गेलं का रे यादीतून?" मावशीने आतून विचारलं.

"एक जण."

"कारण काय दिलंय? वाच की मोठ्याने."