सगळ्यात वरचा मंत्र

“बोला ना, गोकुळभाऊ. त्या दिवशी फोनले जे इचारलं होतं, तेच इचारा.”

गोकुळने फोन तोंडाजवळ नेला आणि पुन्हा खाली घेतला. जळगाव जामोदच्या त्या छोट्याशा कॉम्प्युटर क्लासमध्ये दुपारी तो आणि अश्विनी दोघंच होते. गेल्या वेचणीत गोकुळच्या बायकोला, गीताबाईला, कपाशीत साप चावला. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. क्लास चालवणाऱ्या अश्विनीने तेव्हापासून एकच ध्यास घेतला होता. साप चावल्यावर काय करावं याची खरी माहिती देणारी वेबसाइट काढायची, आणि शोधणाऱ्याला ती सगळ्यात वर दिसलीच पाहिजे. जीव जात असताना कोणी खालपर्यंत वाचत बसत नाही.

ती वर्षभर राबली. डॉक्टरांना विचारून विचारून लेख लिहिले. दोरीने आवळू नका, चिरा देऊ नका, माणसाला चालवू नका, तडक दवाखाना गाठा. मग ती लिंका मिळवायला निघाली. अनोळखी गावात आपण घर विचारतो, तेव्हा चार जणांनी एकाच दाराकडे बोट दाखवलं की भरवसा बसतो. इंटरनेटवरही तसंच. जितक्या जागांवरून तुमच्याकडे बोट, तितके तुम्ही वर. बुलढाण्याच्या एका कॉलेजाने तिच्याकडे बोट दाखवलं, शेतीच्या एका मासिकाने दाखवलं. आज सकाळी ‘सर्पदंश प्रथमोपचार’ असं टाकल्याबरोबर तिचा लेख पहिला आला. म्हणून तर तिने गोकुळला हौसेने बोलावलं होतं.

गोकुळ शेवटी पुटपुटला, “जनावर डसलं त काय करा?”

पडद्यावर यादी आली. सगळ्यात वर होतं, ‘कडूबा भगताचा विष उतरवण्याचा मंत्र’. अश्विनीचा लेख कुठेच नव्हता.

“साप काऊन नाही म्हटलं, भाऊ?”

“काही काय बोलता, ताई! घरात तसं झाल्यावर कोणी त्याचं नाव घेते काय? नाव घेतलं का जहर चढते.”

अश्विनीने कपाळावर हात मारून घेतला. ती काही परमुलखातली नव्हती. तिची आईसुद्धा दिवेलागणीनंतर त्याला ‘लांबडं’च म्हणायची. शाळेत शिकलेल्या शब्दांवर तिने अख्खी वेबसाइट उभी केली होती, आणि ज्या घटकेसाठी उभी केली, नेमक्या त्याच घटकेला तो शब्द कोणाच्याच तोंडून निघणार नव्हता.

ती रडत बसली नाही. बसल्या जागी तिने सगळे मथळे बदलायला घेतले. जनावर डसलं तर. लांबडं चावलं तर. पुढच्या काही आठवड्यांत तिचा लेख हळूहळू वर सरकला आणि दुसऱ्या जागेवर येऊन अडला. वर कडूबाच. कारण त्याच्याकडे बोट दाखवणारे कितीतरी होते. गावोगावच्या जत्रांची पानं, भजनी मंडळं, एक सोयरिकी जुळवणारी वेबसाइटसुद्धा. सातपुड्याच्या पायथ्याला कडूबाचं नाव चालत होतं.

“मंग आता?” पुन्हा क्लासवर आलेल्या गोकुळने विचारलं.

“आता त्याच्याचकडून लिंक मागायची. मंत्राच्या वर एकच ओळ टाक म्हणायचं, आधी दवाखान्यात जा.”

“वाघाले म्हणा, गवत खाय!”

“आज नाही खाल्लं त उद्या पुन्हा जाईन. परवा जाईन.”

“मी नाही येत, ताई.”

“रस्ता तुमाले ठाऊक हाये. चला, गाडी काढा.”

गोकुळ आला, पण गाडीपाशीच थांबला. म्हातारा कडूबा अंगणात तुराट्यांची टोपली विणत होता. अश्विनीने वाटभर घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याने विणता विणताच विचारलं,

“कोनता मंत्र म्हन्ली तू?”

तिने फोनवरून वाचून दाखवला. कडूबा हसला नाही.

“हे म्या नाही लिवलं, पोरी. मले त सहीबी येत नाही.”

अश्विनीने ते पान खालपर्यंत सरकवलं. तळाशी ताईत विकायची जाहिरात होती, पत्ता कुठल्यातरी लांबच्या शहरातला. रोज ती हे पान उघडत होती, पण पाहिला होता तो फक्त त्याचा यादीतला नंबर.

“माह्या लेकाले डसलं ना, तवाच मंत्र सुटला माहा,” कडूबा म्हणाला. “तोंडातून शबूद निघेना. खांद्यावर टाकला, सडकेवर आणला, दवाखान्यात नेला. तो पाह्य, तिकडे म्हशीले पानी पाजून राह्यला. तवापासून जो येते, त्याले दारातूनच पिटाळतो. म्हनतो, दवाखाना गाठ.”

इतके दिवस मनात साठवलेला राग कुठे ठेवावा, हे अश्विनीला कळेना. मग ती खाली मातीत मांडी घालून बसली आणि तिने फोनचा कॅमेरा सुरू केला. जत्रांच्या पानांना, भजनी मंडळांना आता कडूबाकडेच बोट दाखवू दे. खऱ्या कडूबाकडे.

“बाबा, हेच पुन्हा सांगा. तुमच्याच बोलीत. अन् एवढं सांगता, तरी लोक ऐकत काऊन नाही, तेही सांगा.”

कडूबाचे हात टोपलीवर थांबले. गाडीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या गोकुळकडे त्याने पाहिलं.

“कसे ऐकतीन? यालेबी म्हटलं होतं, बायकोले घेऊन दवाखान्यात पळ. त यानं मलेच फोन दाखोला. म्हने, बाबा, तुमी इसरले असान, हे पाहा, सगळ्यात वर तुमचाच मंत्र लिवेल हाये.”