शिफारसपत्र

परदेशात पुन्हा डॉक्टर होणं जमेना, म्हणून सर्जनबाईंनी डॉक्टरांच्या सहाय्यकाच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला. कारकुनाने तो परत सरकवला.

“इथल्या एखाद्या डॉक्टरचं शिफारसपत्र जोडा.”

“अहो, बारा वर्षं मी विभागप्रमुख होते!”

“ते तिकडे.”

शेवटी नाक मुठीत धरून बाईंनी जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो इथे केव्हाच डॉक्टर म्हणून स्थिरावला होता.

“मॅडम, मी तुमच्याबद्दल काय लिहिणार?”

“सहाय्यकात त्यांना जे हवं, तेच. सांगितलेलं काम निमूट करते, उलट बोलत नाही.”

तो चाचरत म्हणाला, “मॅडम, तुमच्या हाताला यश आहे, असं दहादा लिहितो. पण एवढं धडधडीत खोटं लिहिलं, तर माझंच लायसन्स जाईल.”